वेबसाइटला कुलूप आहे, मग मेल उघडताना फोन का कुरकुरतो?

पत्र: आमच्या संस्थेचं स्वतःचं डोमेन आहे आणि भाड्याच्या एका व्हर्च्युअल सर्व्हरवर बारा जणांची मेल चालते. पोस्टफिक्स, डव्हकॉट वगैरे मेल पाठवणारे आणि पोचवणारे प्रोग्राम एका स्वयंसेवकाने बसवून दिलं आणि तो आपल्या कामाला लागला. मी सचिव, म्हणून आता ते माझ्या गळ्यात. वेबसाइटला कुलूप दिसतं, पण मेलसाठी ‘मेल’ने सुरू होणारं जे वेगळं नाव आहे त्याला सर्टिफिकेट नव्हतं. ओळखीतल्या एका मुलाने लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट बसवून दिलं. लॅपटॉपवर ठीक झालं, पण तिघांच्या अँड्रॉइड फोनवर ‘सर्व्हरची ओळख पटत नाही’ हे येतच राहिलं. खजिनदारांच्या लॅपटॉपवरही पहिल्या दिवसापासून तेच. आता तीन महिने झाले आणि परवापासून सगळ्यांकडेच इशारा येतोय. मुदत संपत आल्याची साधी मेलसुद्धा आली नाही. मुलगा म्हणतो, ‘रिन्यू झालंय, मी फाइल बघितली.’ सर्व्हरवाल्यांचा मदत कक्ष म्हणतो, ‘ॲपमध्ये सर्व सर्टिफिकेट स्वीकारा.’ एक विक्रेता म्हणतो, मोफतचं मेलला चालत नाही, वाइल्डकार्ड विकत घ्या. सगळ्या फाइल्स मुलाने ‘बॅकअप’ म्हणून मला व्हॉट्सॲपवर पाठवल्या आहेत. त्या विक्रेत्याला पाठवू का? आणि या सगळ्याने आमची मेल स्पॅममध्ये जाणं थांबेल का?

उत्तर:

सचिवताई, आधी शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते तातडीचं आहे. नाही. त्या फाइल्स कोणालाही पाठवू नका. त्यातली ‘प्रिव्हकी’ नावाची जी आहे ती तुमच्या सर्व्हरची खासगी चावी आहे. तिने सर्व्हरवरच राहायचं असतं आणि तिथेही फक्त रूटलाच, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यालाच, ती वाचता यायला हवी. सर्टिफिकेट विकत घ्यायचं म्हटलं तरी विकणाऱ्याला चावी लागत नाही. त्याला लागतो तो विनंतीचा वेगळा मसुदा, ज्याला सीएसआर म्हणतात. चावी मागणाऱ्याला एकतर काम येत नाही, नाहीतर नको तितकं येतं.

आता मूळ तक्रारीकडे. तुम्हाला ही एकच भानगड वाटतेय, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला तीन वेगळ्या दिसतात. फोनवाल्यांची एक, खजिनदारांची दुसरी आणि परवापासून सगळ्यांना छळणारी तिसरी. तिन्ही एकाच शब्दांत कुरकुरतात म्हणून एकच वाटतात. तुमचं खरं डोमेन छापत नाही, इथे ‘मेल.संस्था.कॉम’ म्हणू.

खजिनदारांपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. सर्टिफिकेट नावाला मिळतं, यंत्राला नाही. मेल ॲप सर्व्हरला विचारतं, ‘तू कोण?’ सर्व्हर सर्टिफिकेट पुढे करतो. त्यावरच्या नावांच्या यादीत आपण सेटिंगमध्ये टाकलेलं नाव अक्षरशः सापडलं तरच ॲप पुढे जातं. ‘मेल.संस्था.कॉम’चं सर्टिफिकेट नुसत्या ‘संस्था.कॉम’ला चालत नाही, सर्व्हर तोच असला तरी. खजिनदारांच्या सेटिंगमध्ये त्या जुन्या स्वयंसेवकाने बहुधा सर्व्हरचा आकडी पत्ता टाकून ठेवला आहे, किंवा ‘मेल’शिवायचं डोमेन. इशाऱ्यात ‘तपशील’ उघडून बघा. वर त्यांनी टाकलेलं नाव दिसेल आणि खाली सर्टिफिकेटवरचं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही मेलच्या रकान्यांत ‘मेल.संस्था.कॉम’ टाका. जाणाऱ्या मेलचा रकाना लोक हमखास विसरतात आणि मग ‘मेल येते, पण जात नाही’ अशी नवी तक्रार उभी राहते.

हे करतानाच पोर्टही, म्हणजे सर्व्हरच्या दरवाजांचे क्रमांक, बघून घ्या. येणारी मेल आयमॅपने असेल तर ९९३, जाणारीला ४६५ किंवा ५८७. ४६५ वर पहिल्या क्षणापासून कूटबद्ध बोलणं होतं. ५८७ वर सुरुवात उघडी असते आणि मग ‘स्टार्ट-टीएलएस’ म्हणून दोघं कुलपात जातात. (टीएलएस म्हणजे हे कूटबद्ध बोलणं करण्याची पद्धत.) आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या २०१८च्या नियमपत्राने पहिल्यापासून कुलपात असलेला रस्ता (४६५) बरा असं सांगितलं आहे आणि माझंही मत तेच. ॲपमध्ये ‘उपलब्ध असल्यास टीएलएस’ असा पर्याय दिसला तर तो निवडू नका. ‘असल्यास’ या शब्दातच गोम आहे: मधल्या कोणी ते उपलब्ध नसल्याचं भासवलं, की ॲप मुकाट्याने उघड्यावर बोलू लागतं. (‘एसएसएल’ हे नाव आता फक्त सवयीने उरलंय, बरं का. शेवटचं एसएसएल ३.० हे २०१५ सालीच अधिकृतपणे बाद झालं आणि २०२१ मध्ये टीएलएस १.० व १.१ही. पाटी जुनी, दुकान नवं.)

आता ते तीन फोन. लॅपटॉपवर चालतं आणि अँड्रॉइडवर नाही, या एका वाक्यावरून मी पैज लावायला तयार आहे की सर्टिफिकेटची साखळी अर्धी बसवली आहे.

फोनच्या आत सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या मोजक्या मूळ संस्थांची यादी आधीपासून असते. पण तुमच्या सर्टिफिकेटवर त्या मूळ संस्थेची थेट सही नसते. मध्ये एक दुवा असतो. मूळ संस्थेने दुव्याला मान्यता दिलेली असते आणि दुव्याने तुमच्यावर सही केलेली असते. सर्व्हरने स्वतःचं सर्टिफिकेट दाखवताना हा मधला कागदही सोबत जोडायचा असतो. जोडला नाही, तर अनेक लॅपटॉप तो गुपचूप इंटरनेटवरून आणतात किंवा पूर्वी कुठे पाहिलेला वापरतात, आणि सगळं आलबेल दिसतं. अँड्रॉइड असलं काही करत नाही. कागद पुरे नाहीत, परत जा. चूक सर्व्हरची, आणि बोल मात्र फोनला.

सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं आपोआप आणणारा प्रोग्राम) वापरलं असेल तर सर्व्हरवर ‘लाइव्ह’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘मेल.संस्था.कॉम’च्या नावाने चार फाइल्स असतील: सर्ट, चेन, फुलचेन आणि प्रिव्हकी. ‘सर्ट’ या फाइलमध्ये फक्त तुमचं सर्टिफिकेट असतं आणि ‘फुलचेन’मध्ये तुमचं अधिक मधला दुवा. नावावरून कोणालाही वाटेल की सर्टिफिकेटच्या रकान्यात ‘सर्ट’च टाकायचं, आणि त्या मुलानेही बहुधा तेच केलं. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट, दोघांच्याही सेटिंगमध्ये तिथे ‘फुलचेन’ हवं. डव्हकॉट २.३ किंवा त्याआधीचा असेल तर फाइलच्या मार्गाआधी ‘<’ हे चिन्ह असतं. फाइलचं नाव बदलताना ते चुकून खोडू नका. ते गळलं तर डव्हकॉट फाइल उघडतच नाही, त्या मार्गाच्या अक्षरांनाच सर्टिफिकेट समजतो आणि अडून बसतो. एका चिन्हापायी माणसाची अख्खी संध्याकाळ जाते.

आणि आता परवापासूनचं दुखणं. इथे मुलगा खोटं बोलत नाहीये. फाइल खरंच नवी असेल. लेट्स एन्क्रिप्टची ही सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि साधारण महिनाभर उरला की सर्टबॉट आपणहून नवं आणतो. पण डव्हकॉट ते सुरू होताना एकदा वाचतो आणि डोक्यात ठेवतो. खाली फाइल बदलली हे त्याला कोणी सांगितलंच नाही. तो बिचारा जुनंच ओळखपत्र दाखवत बसतो, मुदत संपेपर्यंत आणि संपल्यावरही. मी स्वतः यात पडले आहे. फाइलवरची तारीख बघून निर्धास्त झोपले आणि सकाळी नऊ मिस्ड कॉल.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली: फाइलला विचारायचं नाही, सर्व्हरलाच विचारायचं. सर्टिफिकेटं तपासायच्या ओपनएसएसएल या प्रोग्राममध्ये ‘एस-क्लायंट’ नावाची कमांड आहे. तिला ‘मेल.संस्था.कॉम’ आणि ९९३ पोर्ट देऊन जोडायला सांगा. ५८७ तपासायचं असेल तर सोबत स्टार्ट-टीएलएसचा एसएमटीपी पर्याय द्यावा लागतो. समोर बराच मजकूर सांडेल, घाबरू नका. त्यात सर्व्हर आत्ता कुठलं सर्टिफिकेट दाखवतोय आणि पडताळणीचा आकडा काय, एवढंच शोधायचं. शून्य म्हणजे ठीक. १० म्हणजे मुदत संपलेली. २० किंवा २१ म्हणजे साखळीत दुवा नाही, अर्थात वरचं फोनचं दुखणं. फक्त एक मेख आहे: ही कमांड मुद्दाम सांगितल्याशिवाय नाव जुळतं का ते तपासत नाही. म्हणून शून्य आलं तरी खजिनदारांचा इशारा कायम राहू शकतो.

मग शेजारी फाइलमधली मुदत काढा. फाइल म्हणते पुढचे दोन महिने आणि सर्व्हर म्हणतो परवा संपलं, असं असेल तर दोन शक्यता. एक, नुसतं रीलोड करायचं, म्हणजे प्रोग्रामला फाइल्स पुन्हा वाचायला लावायचं, राहिलंय. डव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोन्ही रीलोड करा, मिनिटभराचं काम आहे, कोणाची मेल हरवत नाही. दोन, रीलोड करूनही जुनंच दिसतंय. म्हणजे मुलाने फाइल्स ‘लाइव्ह’मधून उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या आणि डव्हकॉटला तिकडचा पत्ता दिला. सर्टबॉट इकडे नवं आणतोय, डव्हकॉट तिकडे जुनं वाचतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डव्हकॉटला थेट ‘लाइव्ह’मधल्या फाइलचा मार्ग द्या. तिथे असतात ते खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे नुसते दुवे, आणि नवं सर्टिफिकेट आलं की सर्टबॉट ते दुवे स्वतःच नव्या फाइलकडे वळवतो.

पण हे आजच्यापुरतं झालं. पुढच्या खेपेला परत तेच होऊ नये म्हणून सर्टबॉटच्या ‘रिन्यूअल-हुक्स’ फोल्डरमध्ये ‘डिप्लॉय’ नावाचं उपफोल्डर असतं, त्यात दोन ओळींची स्क्रिप्ट टाका: डव्हकॉट रीलोड, पोस्टफिक्स रीलोड. तिला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. दरवेळी नवं सर्टिफिकेट आलं की ती आपोआप चालते. इथे एक फसवणूक आहे. लोक ‘ड्राय रन’ (नव्या सर्टिफिकेटची रंगीत तालीम) करून बघतात, ‘यशस्वी’ असं येतं आणि समाधान मानतात. पण एरवी ड्राय रनमध्ये डिप्लॉयची स्क्रिप्ट चालतच नाही. तेव्हा ती स्क्रिप्ट एकदा हाताने चालवून बघा.

ड्राय रनच अपयशी ठरला, तर गोष्ट वेगळी. लेट्स एन्क्रिप्ट नाव तुमचंच आहे हे तपासायला बहुधा पोर्ट ८० वर येऊन एक छोटी फाइल मागतं. मेलच्या सर्व्हरला ८० कशाला, म्हणून कोणीतरी फायरवॉलमध्ये ते बंद केलेलं असतं. किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे नावाला पत्ता जोडणाऱ्या नोंदवहीत, आयपीव्ही-सहाचा एखादा जुना पत्ता पडून असतो आणि तपासणी आधी तिकडेच जाते. किंवा डीएनएसवाल्याची मधली प्रॉक्सी ‘मेल’ या नावालाही लावलेली असते. क्लाउडफ्लेअर असेल तर तो नारिंगी ढग. वेबसाइटला तो ठीक, पण त्याच्यामागून मेलचे पोर्ट सरळ जात नाहीत, त्यामुळे या नावाचा ढग करडा हवा. मात्र अंधारात गोळ्या मारू नका. एकाच नावाची तपासणी तासाभरात पाचदा फसली तर तुम्हाला थांबवून ठेवतात. ड्राय रन त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर चालतो, म्हणून सगळे प्रयोग तिथेच करावेत.

इशाऱ्याची मेल आली नाही, ही तक्रार रास्त आहे, पण ती आता कोणालाच येत नाही. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीच्या आठवणी पाठवणं जून २०२५ मध्ये बंद केलं. आठवण आपली आपणच लावायची. रोज एकदा ९९३ वरची तारीख बघून वीस दिवसांहून कमी उरले तर तुम्हाला निरोप देईल, इतकी स्क्रिप्ट त्या मुलाकडून लिहून घ्या. तो कामाचा मुलगा आहे, दोन जागी चुकला इतकंच.

विक्रेत्याचं म्हणणं मात्र मला पटत नाही. मेलसाठी वेगळ्या जातीचं सर्टिफिकेट नसतं. मोफत असो वा विकतचं, कूटबद्धता तीच, आणि मेल ॲपला पैसे मोजलेत की नाही ते कळतही नाही. वाइल्डकार्ड म्हणजे ‘संस्था.कॉम’च्या पुढे कुठलंही एक नाव लावलं तरी चालणारं सर्टिफिकेट. त्याने ‘मेल.संस्था.कॉम’ भागतं, पण ‘जुनं.मेल.संस्था.कॉम’ भागत नाही, आणि गंमत म्हणजे नुसतं ‘संस्था.कॉम’ही वेगळं लिहून घ्यावं लागतं. तुम्हाला एकच नाव हवंय. एका खिडकीसाठी अख्ख्या इमारतीची किल्ली कशाला? ती किल्ली हरवली तर सगळीच दारं गेली. शिवाय वाइल्डकार्ड लेट्स एन्क्रिप्टही २०१८ पासून फुकट देतं, फक्त त्यासाठी डीएनएसमध्ये नोंद करून नाव सिद्ध करावं लागतं.

‘विकत घेतलं की वर्षभर बघायला नको’ हा मुद्दाही आता टिकत नाही. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस, असं सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझरवाले यांनी २०२५ मध्ये मिळून ठरवलं आहे. पाच वर्षांचं पॅकेज घेतलं तरी फाइल मधेमधे बदलावीच लागणार. म्हणजे ती रीलोडची दोन ओळींची स्क्रिप्ट तेव्हाही लागणारच.

मदत कक्षाच्या सल्ल्यावर जरा थांबते, कारण मला राग त्याचाच आला. ‘सर्व सर्टिफिकेट स्वीकारा’ लावलं की कूटबद्धता राहते, पण कोणाशी हे बघणं सुटतं. लिफाफा घट्ट चिकटवायचा आणि दारात जो उभा असेल त्याच्या हाती द्यायचा, असा प्रकार. एखाद्या सार्वजनिक वायफायवर कोणी मध्ये बसून स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट पुढे केलं, तर ॲप बिनतक्रार त्याला नाव आणि पासवर्ड सांगून टाकेल. आणि मेलचा पासवर्ड गेला की बाकी सगळ्या खात्यांच्या ‘पासवर्ड विसरलात?’च्या दुव्यांसकट सगळं गेलं. त्याहून वाईट म्हणजे सवय. रोज मरे त्याला कोण रडे. बारा जण तीन महिने ‘तरीही पुढे जा’ दाबत राहिले, तर खरा चोर येईल त्या दिवशीही तेच दाबतील. फोन कुरकुरत होता तेव्हा तिघांपैकी एकाशीही तो खोटं बोलत नव्हता.

हे व्हॉट्सॲपवरच्या चावीशीही जोडलेलं आहे. सर्टबॉट नवं सर्टिफिकेट आणताना एरवी चावीही नवी घडवतो, ‘तीच वापर’ असं मुद्दाम सांगितलं नसेल तर. म्हणजे तुमच्या फोनमध्ये आहे ती बहुधा मुदत संपलेल्या सर्टिफिकेटची, आणि रीलोड झाल्यावर तिला काही किंमत उरत नाही. अपवाद एकच: ज्याच्या ॲपमध्ये ‘सर्व स्वीकारा’ लावलंय त्याला मुदत संपलेलं सर्टिफिकेटही चालतं. म्हणून तो पर्याय प्रत्येकाच्या फोनमधून काढा आणि त्या फाइल्स दोन्ही बाजूंनी पुसा. चावी तीच वापरली जातेय असं निघालं, तर नव्या चावीवर नवं सर्टिफिकेट घ्या आणि आधीचं, चावी फुटल्याचं कारण देऊन, रद्द करा. सर्टबॉटमध्येच त्याची सोय आहे.

स्पॅमचं उत्तर एका ओळीचं: नाही, सर्टिफिकेटचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी आणि सर्व्हरच्या पत्त्याची उलटी नोंद बघावी लागते. त्यांचं काय आहे ते कळवलंत तर पुढच्या वेळी लिहीन. जाता जाता एवढं बघून ठेवा, की डोमेनची एमएक्स नोंद (येणारी मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी) ‘मेल.संस्था.कॉम’कडे जाते ना आणि त्या नावाला थेट पत्ता आहे ना. ते दुसऱ्या नावाचं टोपणनाव असलेलं एमएक्सला चालत नाही.

क्रम असा ठेवा. आज रीलोड, मग ‘फुलचेन’ आणि पुन्हा रीलोड, मग एस-क्लायंटने तपासणी, मग ती स्क्रिप्ट. सगळं शून्यावर आलं की बाराही जणांना ‘सर्व स्वीकारा’ काढायला आणि पासवर्ड बदलायला सांगा. या क्रमाने, उलट नाही, नाहीतर नवा पासवर्डही त्याच उघड्या दारातून जाईल. खजिनदारांच्या लॅपटॉपजवळ मात्र स्वतः बसा. त्यांनी एव्हाना ‘कायमचा अपवाद’ही मंजूर करून ठेवला असेल, तो सेटिंगमध्ये शोधून काढावा लागेल.